सात-बाऱ्याच्या मागचा माणूस : एडगर कॉड, एसक्यूएल आणि मधल्या मध्यस्थाचं भांडण

अक्कलकोटला गुरुवारी गेलात तर वटवृक्ष मंदिराबाहेर भक्तांची रांग दिसेल. तालुक्यातल्या शेतकऱ्याची मात्र आणखी एक रांग असते, कागदांची. पेरणी तोंडावर आली की पीककर्जासाठी सात-बारा हवा, आठ-अ हवा. वागदरी, नागणसूर, चपळगाव, दुधनी, कुठून कुठून माणसं येतात. काउंटरवरचा पोरगा गाव निवडतो, गट नंबर टाकतो आणि काही सेकंदांत उतारा बाहेर येतो.

आता जरा थांबून विचार करा. त्या पोराने कॉम्प्युटरला फक्त काय हवंय तेवढं सांगितलं. नोंद कुठल्या डिस्कवर आहे, कुठल्या फाइलमध्ये आहे, कुठून शोधायला सुरुवात करायची, यातलं काहीच सांगितलं नाही. आपल्याला हे इतकं साधं वाटतं की त्यात काही विशेष आहे हेही लक्षात येत नाही.

पण साधारण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी हे असं चालत नव्हतं. हवं ते मागा, कसं शोधायचं ते मशीन बघेल, ही कल्पना ज्यांनी गणिताच्या पायावर उभी केली त्यांचं नाव एडगर फ्रँक कॉड. ओळखीच्यांसाठी टेड.

आज पुण्यातल्या आयटी कंपन्यांत, हिंजवडी-खराडीच्या कॅन्टीनमध्ये एक वाद नेहमी रंगतो. डेटाबेसशी बोलायला साधं एसक्यूएल लिहायचं, की मध्ये एक थर ठेवून तोच आपल्या वतीने बोलेल असं करायचं? या वादाची मुळं थेट कॉड यांच्या आयुष्यात सापडतात.

पायलट ते प्रोग्रॅमर

कॉड यांचा जन्म 19 ऑगस्ट 1923 चा. गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बेटावरचं. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका, आणि सात भावंडांत हे शेंडेफळ. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात गणित आणि रसायनशास्त्र शिकायला गेले आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. कॉड ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले, कोस्टल कमांडमध्ये पायलट म्हणून. समुद्रावर उतरणारी अवाढव्य सुंदरलँड विमानं ते चालवत. विमान उडवण्याची हौस त्यांना पुढेही राहिली.

युद्ध संपलं, पदवी पूर्ण झाली आणि 1948 मध्ये ते अमेरिकेला गेले. पुढे कॉम्प्युटरच्या जगातला सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या या माणसाने न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला मेसीज या मोठ्या दुकानात कपडे विकले. मग काही काळ टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं. 1949 मध्ये आयबीएममध्ये नोकरी लागली, ती एसएसईसी या खोलीभर पसरलेल्या गणकयंत्राचा प्रोग्रॅमर म्हणून. आयबीएमने हे यंत्र न्यूयॉर्कमध्ये रस्त्यालगत काचेआड ठेवलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघत.

1953 मध्ये कॉड यांनी देश सोडला. तेव्हा अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट शोधण्याची मोहीम उघडली होती आणि संशयावरून लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त होत होती. कॉड यांना ते पटेना. चांगली नोकरी सोडून ते कॅनडात ओटावाला गेले आणि 1957 मध्ये परत आयबीएममध्ये आले. पटलं नाही की गप्प बसायचं नाही, हा त्यांचा स्वभाव पुढे गोष्टीत पुन्हा येणार आहे.

परतल्यावर स्ट्रेच नावाच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवायचे यावर त्यांनी काम केलं. मग चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठातून 1965 मध्ये पीएचडी घेतली. विषय होता स्वतःची प्रत स्वतःच तयार करणारी गणिती यंत्रं. फॉन न्यूमन यांच्यासारख्या दिग्गजाने ज्या कामासाठी प्रत्येक चौकटीला 29 अवस्था लागतील अशी रचना केली होती, ते कॉड यांनी 8 अवस्थांत करून दाखवलं. किचकट गोष्ट मुळापासून सोपी करून मांडायची, ही त्यांची खासियत.

कपाट, कप्पा आणि रस्ता

1960 च्या दशकाच्या शेवटी कॉड कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत आले. तेव्हा कंपन्यांचा डेटा कसा ठेवला जायचा?

आयबीएमचं तेव्हाचं नामांकित उत्पादन होतं आयएमएस. अपोलो चांद्रमोहिमेच्या लाखो सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी ते बनलं होतं. त्यात माहिती झाडासारखी मांडलेली असे. मुळाशी एक गोष्ट, तिच्या फांद्या, त्या फांद्यांच्या फांद्या.

आपल्या तलाठी दप्तराचं उदाहरण घेऊ. समजा, सगळी नोंद अशी लावली : आधी गाव, गावाखाली खातेदार, खातेदाराखाली त्याचे गट. एखाद्या खातेदाराची जमीन किती, हे लगेच सांगता येईल. पण गट नंबर 45 कोणाचा, असं विचारलं तर? एकेक खातेदार उघडून बघत बसायचं. आणि जमीन दोन भावांच्या सामाईक खात्यावर असेल तर तीच नोंद दोघांच्या खाली लिहावी लागणार. एकीकडे दुरुस्ती झाली आणि दुसरीकडे राहिली, की भांडण ठरलेलं.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हा रस्ता लिहून ठेवलेला असे : इथून आत जा, पहिली फांदी घे, मग पुढची, सापडेपर्यंत चाल. उद्या कोणी कपाटाची मांडणी बदलली की त्या रस्त्यावर विसंबलेला प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने लिहायचा.

अकरा पानांचा पेपर

1969 मध्ये कॉड यांनी आयबीएमच्या अंतर्गत अहवालात आपली कल्पना मांडली. पुढच्या वर्षी, जून 1970 मध्ये, ती एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात अकरा पानांचा पेपर म्हणून छापून आली.

कल्पना थोडक्यात अशी. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, ओळी आणि रकाने. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध लावायचा तर तो रस्ते आखून लावू नका. दोन्हीकडे असलेल्या सामाईक मूल्यावरून लावा. आणि प्रश्न विचारणाऱ्याला हे तक्ते डिस्कवर कसे साठवलेत ते माहीत असण्याची गरजच ठेवू नका.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचं काहीतरी दिसलं पाहिजे. आपला सात-बारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांची जोडी. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये तिच्यात पीक काय. दोन वेगळ्या नोंदी गट नंबरने जोडल्या की एक उतारा तयार होतो. डेटाबेसच्या भाषेत याला जॉइन म्हणतात. आठ-अ म्हणजे तीच माहिती खातेदाराच्या बाजूने. नमुना 6 म्हणजे फेरफार, मालकीत काय बदल झाला त्याची नोंद. महसूल खात्याच्या या पद्धतीचा कॉड यांच्याशी काही संबंध नाही, ती त्यांच्या पेपरच्या कितीतरी आधीची. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते समजायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

घरचाच विरोध

एवढी चांगली कल्पना, तर आयबीएमने डोक्यावर घेतली असेल ना? तसं झालं नाही. आयएमएस दणक्यात विकलं जात होतं. चालत्या दुकानासमोर आपणच दुसरं दुकान कशाला काढायचं, हा सरळ हिशेब. शिवाय पेपर गणिताच्या भाषेत होता, अनेकांच्या डोक्यावरून गेला.

कॉड गप्प बसले नाहीत. ते आयबीएमच्या ग्राहकांशी बोलले, व्याख्यानं दिली, लिहीत राहिले. त्यामुळे वरिष्ठांच्या मर्जीतून उतरायची पाळी आली तरी त्यांनी पर्वा केली नाही.

बाहेरही विरोधक होते आणि तेही तगडे. चार्ल्स बॅकमन हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. 1973 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांनाच मिळाला होता. त्यांच्या मते प्रोग्रॅमर हा डेटाच्या समुद्रातला नावाडी. रस्ता त्याला माहीत असतो आणि तोच चांगला रस्ता काढू शकतो. 1974 मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे, म्हणजे कॉड जिथे पीएचडीला होते त्याच गावात, दोन्ही पक्षांची जाहीर चर्चा झाली.

विरोधकांचा आक्षेप काय होता? मशीनवर रस्ता शोधायचं काम सोपवलं तर सगळं संथ होईल, अनुभवी माणसाची सर मशीनला येणार नाही.

हा आक्षेप लक्षात ठेवा. आज मधल्या थरावर घेतला जातो तो हाच. फरक इतकाच की तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात कॉड यांची कल्पना होती.

एसक्यूएल आलं, पण कॉड खूश नव्हते

अखेर आयबीएमने सिस्टिम आर नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. तिथे डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी 1974 मध्ये एक भाषा मांडली, सीक्वेल. चेंबरलिन मुळात जुन्या, रस्ता आखण्याच्या पद्धतीचे जाणकार. ज्या प्रश्नांसाठी त्यांना लांबलचक प्रोग्रॅम लिहावे लागत, ते कॉड एखाद्या ओळीत मांडतात हे पाहून त्यांचं मत बदललं. पुढे सीक्वेल हे नाव ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे सोडावं लागलं आणि उरलं एसक्यूएल.

रस्ता शोधायचं काय झालं? सिस्टिम आरमध्येच पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ऑप्टिमायझर बनवला. एका प्रश्नाचं उत्तर काढायचे अनेक मार्ग असतात. हा भाग प्रत्येकाचा अंदाजे खर्च काढतो आणि त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग निवडतो. त्याबद्दलचा त्यांचा 1979 चा पेपर आजही अभ्यासला जातो. तिकडे बर्कली विद्यापीठात इन्ग्रेस उभं राहिलं. कॉड यांच्या कल्पनेवरचं ओरॅकल 1979 मध्ये बाजारात आलं, आयबीएमच्याही आधी. आयबीएमचं पहिलं उत्पादन 1981 चं आणि डीबी-टू 1983 चं. 1986 मध्ये एसक्यूएल अमेरिकेत प्रमाणभाषा ठरली.

1981 मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण एसक्यूएलवर ते समाधानी नव्हते. त्यांनी स्वतः अल्फा नावाची भाषा सुचवली होती, तिचा विचार झाला नाही. एसक्यूएलमध्ये एकच ओळ दोनदा येऊ शकते हे त्यांना खटकत असे. गणितातल्या संचात एक घटक एकदाच असतो.

म्हणजे आज ज्याला आपण साधं, थेट, मूळ एसक्यूएल म्हणतो, ते त्यांच्या लेखी आधीच तडजोड होतं. आणि थेट तर ते कधीच नव्हतं. एसक्यूएल हाच एक मधला थर आहे. तुम्ही आणि डिस्क यांच्यामध्ये उभा असलेला.

मग त्यावर आणखी एक थर आला

1990 च्या दशकापासून प्रोग्रॅमर ऑब्जेक्टच्या भाषेत विचार करू लागले. प्रोग्रॅममध्ये खातेदार नावाचा ऑब्जेक्ट, त्याच्या आत त्याचे गट, गटाच्या आत पिकं. डेटाबेसमध्ये मात्र सपाट तक्ते. एकातून दुसऱ्यात भाषांतर करायचं काम दरवेळी कोण करणार?

त्यासाठी ओआरएम आले, म्हणजे ऑब्जेक्ट आणि तक्ते यांची सांगड घालणारे दुभाषी. जावासाठी हायबरनेट (2001), रूबी ऑन रेल्समधलं अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड (2004), पायथनच्या जँगोमधलं (2005), एसक्यूएल-अल्केमी (2006). तुम्ही तुमच्या भाषेत लिहा, एसक्यूएल ते तयार करतात.

फायदे खरेच आहेत. नवा खातेदार जोडा, पत्ता बदला, नोंद काढा, असली रोजची कामं दोन ओळींत होतात. वापरकर्त्याने टाकलेला मजकूर हे थर सहसा आज्ञेपासून वेगळा ठेवतात. त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्मच्या रकान्यातून डेटाबेसला चोरटी आज्ञा देण्याचा धोका, बराच कमी होतो. तक्त्याची रचना बदलली की बदलांचा इतिहास राहतो. चार जणांची टीम असेल तर सगळ्यांचं काम एका वळणाचं होतं.

601 फेऱ्या

गडबड कुठे होते ते बघू. समजा, गावात 600 खातेदार आहेत आणि प्रत्येकाची पिकं दाखवणारी यादी हवी आहे. प्रोग्रॅमर ओआरएममध्ये लिहितो : सगळे खातेदार आण, मग एकेकाचं नाव आणि पिकं छाप. वाचायला एकदम सुटसुटीत.

पण पडद्यामागे काय होऊ शकतं? खातेदारांची यादी आणायला एक प्रश्न. मग प्रत्येक खातेदाराच्या पिकांसाठी वेगळा प्रश्न, म्हणजे 600. एकूण 601 फेऱ्या. एका फेरीला 5 मिलिसेकंद धरा, तरी तीन सेकंद गेले. काउंटरवर एकाच वेळी अशा वीस जणांची कामं चालू असतील तर विचारायलाच नको. हेच काम जॉइन लावून एका फेरीत होतं. या दुखण्याला नावही आहे, एन प्लस वन.

नीट पाहिलंत तर इथे बॅकमन यांचा नावाडी परत आलेला दिसेल. एका नोंदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, रस्ता चालत जायचं. कॉड यांनी जे चालणं प्रोग्रॅमरच्या मागून सोडवलं होतं, ते ओआरएमच्या सोयीतून गुपचूप परत आलं. आणि जुन्या नावाड्याला निदान आपण वल्हवतोय हे माहीत होतं. आताच्याला तेही ठाऊक नसतं.

म्हणून थर टाकून द्यायचा का? तसंही नाही. जवळपास प्रत्येक ओआरएममध्ये संबंधित नोंदी आधीच एकत्र मागवायची सोय असते. ती आहे हे माहीत हवं, आणि ती कधी लागते हे कळायला खाली कुठलं एसक्यूएल तयार होतंय ते बघायची सवय हवी.

या दुखण्यावर महाराष्ट्रातही संशोधन झालंय. पवईच्या आयआयटी बॉम्बेमध्ये प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा लूपमधल्या सुट्या सुट्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम केलं. डेटाबेसच्या विद्यार्थ्यांकडे हमखास असणाऱ्या जाडजूड पाठ्यपुस्तकाचे सुदर्शन हे एक लेखक. त्यांच्या गटाचा 2008 चा एक पेपर सुट्या प्रश्नांचा गठ्ठा करून एकदम विचारायचा कसा, यावर आहे. पुढे डीब्रिज या प्रकल्पात आणि 2016 च्या पेपरमध्ये त्यांनी प्रोग्रॅमचा कोड वाचून त्याच अर्थाचं एसक्यूएल आपोआप काढण्याच्या पद्धती मांडल्या. थोडक्यात, वल्हवणाऱ्याचं काम पुन्हा मशीनकडे द्यायचं. कॉड यांचाच विचार, एक मजला वर.

तेरा नियम आणि एक इशारा

1984 मध्ये कॉड आयबीएममधून बाहेर पडले आणि ख्रिस डेट यांच्यासोबत सल्लागार कंपनी काढली. तोवर रिलेशनल हा शब्द इतका चालला होता की जुन्याच मालावर नवं लेबल लावून विकणारेही निघाले. तेव्हा कॉड यांनी 1985 मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड साप्ताहिकात आपले प्रसिद्ध 12 नियम लिहिले. मोजले तर ते 13 भरतात, कारण सुरुवात शून्यापासून आहे.

त्यातले दोन आजच्या वादात थेट कामाला येतात. पहिला : माहितीच्या शुद्धतेचे नियम डेटाबेसमध्येच नोंदवा, प्रोग्रॅममध्ये नकोत. दुसरा : खालच्या पातळीवरून कोणी डेटा हाताळला तरी ते नियम त्याला चुकवता येऊ नयेत.

हे महत्त्वाचं का? एकाच गावात एक गट नंबर दोनदा येऊ नये, हा नियम समजा फक्त ओआरएमच्या कोडमध्ये लिहिलाय. उद्या दुसरी टीम मोबाइल अ‍ॅप बनवते, किंवा कोणी घाईत थेट एसक्यूएल चालवून दुरुस्ती करतं. नियम त्यांच्या वाटेत येतच नाही. चूक आत शिरते आणि वर्षभराने कर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कळतं की आपल्या गटावर भलत्याचं नाव आहे. प्रोग्रॅम पाच-दहा वर्षांनी बदलतात. जमिनीची नोंद पिढ्यान् पिढ्या राहते. म्हणून जे नियम डेटाचे आहेत ते डेटाजवळच हवेत, वरचा थर कुठलाही असो.

मग वापरायचं काय?

एकेक नोंद घालणं, बदलणं, दाखवणं, इथे ओआरएम बिनधास्त वापरा. हाताने तेच एसक्यूएल शंभरदा लिहिण्यात शौर्य नाही, चुका मात्र वाढतात.

तालुक्याचा पीकनिहाय गोषवारा, मंडळनिहाय बेरजा, हजारो नोंदींत एकदम बदल, अशी कामं आली की सरळ एसक्यूएल लिहा. समूहाने विचार करणं हीच त्या भाषेची ताकद आहे. फक्त वापरकर्त्याचा मजकूर वाक्यात थेट चिकटवू नका, वेगळा पाठवा.

उद्या डेटाबेस बदलला तर सोपं जाईल, एवढ्याच कारणासाठी थर घेत असाल तर परत विचार करा. तशी वेळ फार कमी वेळा येते. आणि दोन्ही एकाच प्रकल्पात सुखाने नांदू शकतात, बरेचसे मोठे प्रकल्प तसेच चालतात.

पण एक गोष्ट टाळता येत नाही. ओआरएम वापरणाऱ्यालाही एसक्यूएल यावंच लागतं. सोलापूर-अक्कलकोटकडून पुण्याला कोर्ससाठी येणारी कितीतरी मुलं आधी फ्रेमवर्क शिकतात, एसक्यूएल नंतर बघू म्हणतात. सगळं सुरळीत असताना ते खपून जातं. सिस्टिम संथ झाली, की थराखाली उतरायला जिना लागतो, आणि तो जिना एसक्यूएलचाच आहे.

शेवट

कॉड यांची शेवटची वर्षं अगदी निर्विवाद गेली असं नाही. 1993 मध्ये त्यांनी ओलॅप हा शब्द रूढ करणारा लेख लिहिला. त्यामागे एका सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा होता हे समोर आल्यावर टीका झाली. 18 एप्रिल 2003 रोजी फ्लोरिडातल्या विल्यम्स आयलंड इथल्या घरी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय 79. पुढच्याच वर्षी डेटाबेस क्षेत्रातल्या नवनिर्मितीसाठीच्या एका मानाच्या पुरस्काराला त्यांचं नाव देण्यात आलं.

रस्ता मशीनने शोधावा, माणसाने फक्त मागावं, यासाठी ते आयुष्यभर भांडले. पण खाली काय चाललंय हे सिस्टिम बनवणाऱ्याने माहीत करून घेऊ नये, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. उतारा मागणाऱ्याला गट नंबर माहीत असला की पुरे. तो उतारा देणारी सिस्टिम लिहिणाऱ्याला मात्र त्या 601 फेऱ्या दिसायला हव्यात, कारण त्या फेऱ्यांचा वेळ शेवटी काउंटरसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दिवसातूनच जातो.